नाझरनाना आणि बिननावाचा कार्बुरेटर

नाझरनानांना गाडी चालवता येत नव्हती. तरी त्यांनी गाडी घेतली. घेतली म्हणजे भंगारवाल्याच्या तोंडातून काढली, ट्रॅक्टरला साखळीने बांधली आणि माझ्या वखारीच्या दारात आणून उभी केली. स्टीयरिंगवर ट्रॅक्टरवाल्याचा भाऊ होता. नाना छत्री धरून गाडीच्या बाजूने चालत होते, मयतीच्या बाजूने चालतात तसे. अख्खी गल्ली बघायला बाहेर आली. नानांनी कुणाकडे बघितलं नाही. गाडी आत गेल्यावर मला म्हणाले, "अक्का, दार लावून घ्या. लोकांचा हात लागायला नको."

वखार म्हणजे केळी पिकवायची वखार. नशिराबादच्या रस्त्याला, घराला लागूनच. जळगावला आल्यापासूनची माझी सगळी हयात तिथे गेली. आता केळी थंड खोल्यांमध्ये पिकवतात, माझ्यासारखीच्या वखारीत कोण माल आणतो. जागा रिकामी होती, भिंतींना अजून केळीचा वास होता. नाना दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहायचे. बायको वारलेली, मूल नाही. गाडी ठेवायला जागा हवी म्हणाले तेव्हा मी हो म्हटलं. कसली गाडी हे विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं.

नाना कोर्टात नाझर होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, कोर्ट निकाल देतं आणि नाझर तो अमलात आणतो. घराचा ताबा, भांड्यांची जप्ती, लिलाव, सगळं त्याच्या हाताखालून जातं. निवृत्त झाल्यावर माणसाची नोकरी जाते, नानांची गेली नव्हती. घरात शेवटचं एक भजं उरलं तर ते ताटलीवर बोट ठेवून म्हणायचे, "एक वार. दोन वार." कुणी हात पुढे केला नाही की "तीन वार" म्हणून खायचे. कुणी केला तर ते भजं त्याला द्यायचे, वर बोली चढली असं म्हणायचे.

दुसरी सवय जास्त त्रासाची होती. कुणी काही सांगितलं की विचारायचे, "तुम्ही तिथे होतात?" अमक्याची सून माहेरी निघून गेली. तुम्ही तिथे होतात? तमका दारू प्यायला लागलाय. तुम्ही तिथे होतात? नाही म्हटलं की हात हलवायचे, माशी उडवतात तसा. "ऐकीव नको." आमच्या गल्लीतल्या बायका नाना दिसले की विषय बदलायच्या. त्यांच्यामुळे किती घरांची अब्रू वाचली असेल, आणि आमच्या किती दुपारी कंटाळ्यात गेल्या असतील, देव जाणे.

गाडीचं त्यांनी खटल्यातल्या वस्तूसारखं केलं. रोज संध्याकाळी बॉनेटच्या कडीला पांढरा दोरा बांधायचे, मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर थेंब पाडायचे आणि वर अंगठा दाबायचे. अंगठा भाजायचा. तोंडातून हूं की चूं नाही. सकाळी सील फोडताना दोन पंच लागायचे. एक मी आणि दुसरा माझ्याकडे पूर्वी केळी उतरवणारा म्हातारा हमाल. आम्ही दोघांनी वाकून बघायचं, सील शाबूत आहे असं मोठ्याने म्हणायचं, मग नाना दोरा कापणार. हमाल म्हणायचा, "नाना, हाई भंगारले कोन हात लावी?" नाना म्हणायचे, "म्हणूनच बघायचं. कुणी लावला तर कळेल." वितळलेल्या लाखेचा वास वखारीत इतका बसला की केळीचा वास मागे पडला. आजही कुठे लाख जळाली की मला वाटतं नाना आले.

गाडी मी पहिल्या दिवशीच ओळखली होती. काळी, लांब नाकाची, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. धुळ्याच्या एका जिनिंगवाल्या शेठची ती गाडी. माझा नवरा तिचा ड्रायव्हर होता.

ते आता सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. शेठकडे मुंबईहून एक पाहुणा आला होता, गाड्यांचा शौकीन. त्याने सहज बॉनेट उघडलं आणि म्हणाला, शेठ, हा कार्बुरेटर कंपनीचा नाही. कंपनीच्या कार्बुरेटरवर नाव असतं. ह्याच्यावर नाव नाही, नुसता एक आकडा कोरलाय. तुमचा चांगला माल कुणीतरी काढून विकला आणि हे टाकाऊ बसवलं. शेठने जन्मात बॉनेट उघडलेलं नव्हतं. गाडीला हात लावणारा एकच माणूस, माझा नवरा. त्याने सांगितलं की मी आलो तेव्हापासून हाच आहे. शेठ म्हणाले, मी गाडी गोऱ्या साहेबाकडून घेतली, साहेब असलं काही बसवणार नाही. त्याच दिवशी काढला. पोलिसात दिलं नाही, हा शेठचा मोठेपणा असं सगळे म्हणायचे. धुळ्यात त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. आम्ही जळगावला आलो. तो हातगाडीवर केळीचे घड ओढायला लागला आणि मी वखार बघायला लागले. ड्रायव्हर माणूस, घड ओढताना मान खाली लागते, त्याला ती सवय नव्हती. घरात या विषयावर एकदाच बोलला. "मी हात लाया नही," म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. जेवायला वाढलं. पुढे काही वर्षांनी गेला. धुळ्याकडचे नातेवाईक अजून मला कार्बेटरवाल्याची बायको म्हणतात. मागून म्हणतात, पण ऐकू येतं.

तर एका सकाळी सील फोडून नानांनी आम्हाला वाकायला सांगितलं. बॉनेटच्या आत बोट दाखवून म्हणाले, "बघा, ह्याच्यावर कंपनीचं नाव नाही. ह्याचीच मला चौकशी करायचीय. मालकाच्या कर्जापायी हिचा लिलाव झाला, त्या वेळी ही गाडी मीच सील केली होती. तेव्हापासून डोक्यात आहे. चाळीस वर्षं लोकांच्या वस्तूंना सील लावली, आत काय आहे हे विचारायचा मला अधिकार नव्हता. आता आहे."

मी म्हटलं, "ह्याच्याचपायी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली." आणि सगळं सांगितलं.

हमालाने डोळे पुसले. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता चार बरे शब्द बोलतील. म्हणाले, "मग तुम्हाला यापुढे पंच राहता येणार नाही."

"का?"

"तुम्ही हितसंबंधी झालात. तुमची साक्षही धरता येणार नाही."

मी त्यांच्या हातातून वखारीची किल्ली काढून घेतली आणि बाहेर जा म्हटलं. गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला बंद दारासमोर येऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही. बोलायचे नाहीत, दार वाजवायचे नाहीत. येणारेजाणारे विचारायचे, अक्का, नानांना उन्हात का उभं केलं? शेवटी मीच बाहेर आले.

"काय पाहिजे?"

"किल्ली. पण आधी ऐका. तुमच्या यजमानांनी माल बदललाय असं निघालं, तर मी तेही सांगणार. तुमच्या तोंडावर सांगणार, ह्याच दारात. ते चालत असेल तरच द्या."

"आणि नाही बदललाय असं निघालं तर?"

"तेही सांगणार. अक्का, शेठने पोलिसात दिलं असतं तर बरं झालं असतं. खटला झाला असता, पुरावा लागला असता, माणूस सुटला असता. खटलाच झाला नाही, म्हणून आजपर्यंत सुटला नाही."

एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किल्ली दिली. पंचाच्या जागी समोरच्या पानटपरीवाल्याला घेतलं. तो सील न बघताच शाबूत आहे म्हणायचा, म्हणून नाना त्याला रोज दोनदा वाकायला लावायचे.

चौकशी वर्षभर चालली. नानांनी कार्बुरेटरचे फोटो परदेशातल्या एका म्हाताऱ्याला मोबाइलवर पाठवले. तो म्हणे असल्या जुन्या वस्तू जमवतो. त्याचं उत्तर आलं की असा नग मी पाहिलेला नाही. कारखाने कधीकधी नवीन काहीतरी करून बघायला थोडे नग बनवायचे, त्यावर नाव न घालता आकडाच घालायचे. तसा असेल, किंवा तुमच्याकडच्या कुणा मिस्तरीने बनवला असेल. नाना म्हणाले, "असेल. किंवा. ह्याला पुरावा म्हणत नाहीत." कार्बुरेटर उतरवून परातीत ठेवला आणि रॉकेलने धुतला. परात माझी होती. पुन्हा भाकरीला वापरता आली नाही.

धुतल्यावर दिसलं की पेट्रोलची जी वाटी असते ती दुहेरी होती. आत एक, बाहेर एक, मध्ये पोकळी. बाहेरच्या वाटीला छोटी झडप होती. नेहमीच्या कार्बुरेटरला चोकची एक तार येते. ह्याला दोन. दुसरी तार झडपेची, पत्र्यातल्या भोकातून आत जाऊन स्टीयरिंगखालच्या एका बटणाला लागलेली. कशासाठी, ते नानांना कळेना. मेकॅनिकला दाखवलं, त्याने डोकं खाजवलं.

तेव्हा मी म्हटलं, "आमचे हे म्हणायचे, हाई गाडी उन्हाळामा बी बसस नही. दुसऱ्यांच्या गाड्या मे महिन्यात पारोळ्याजवळ बंद पडायच्या, पेट्रोल नळीतच उकळायचं. लोक ओलं फडकं गुंडाळून बसायचे. हे तसेच पुढे निघून यायचे."

"तुमची साक्ष धरता येत नाही," नाना म्हणाले.

"धरू नका. मी भाजी निवडता निवडता बोलतेय."

पण नाना मे महिन्याची वाट बघू लागले. जळगावचा मे, सांगायला नको. मेकॅनिकने तोवर इंजिन चालू होण्याइतपत नीट केलं होतं. एका भर दुपारी त्यांनी गाडी ढकलून उन्हात काढायला लावली. कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं. नाना एका हातात छत्री घेऊन गाडीशेजारी उभे, गाडीत बसायचे नाहीत, खिडकीतून हात घालून बटण ओढायचे. शर्टाची वरची गुंडी लावलेली. मेकॅनिकने इंजिन चालू केलं. बटण आत ढकललं, झडप बंद. थोड्या वेळाने इंजिन खोकायला लागलं आणि बसलं. गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं, बटण बाहेर ओढलं, झडप उघडी. इंजिन चालत राहिलं. तेवढ्यात नानाच खाली बसले. मी त्यांना ओढत सावलीत आणलं, डोक्यावर पाणी ओतलं. मेकॅनिकला म्हणाले, "बंद नका करू. चालू द्या." गाडीला पाणी लागलं नाही, नानांना लागलं, असं टपरीवाला पुढे कितीतरी दिवस सांगायचा.

म्हणजे नग टाकाऊ नव्हता. गरम मुलखासाठी कुणीतरी डोकं लावून बनवलेला होता, वाटीभोवती हवा खेळवायला. मी म्हटलं, झालं, सुटला माझा नवरा. नाना म्हणाले, "नाही. नग चांगला आहे एवढं सिद्ध झालं. तो गाडीत कधी बसवला, कुणी बसवला, हे कुठे झालंय?" मला त्यांच्या डोक्यावर उरलेलं पाणीही ओतावंसं वाटलं.

असा माणूस. गोड बोलणं त्यांना येतच नव्हतं. पण माझा गुडघा धरला होता तेव्हा रोज येऊन वखारीसमोरचा कचरा झाडून जायचे. मी बघतेय असं दिसलं की खराटा मागे लपवायचे. आता नाहीत. झोपेत गेले. गाडी त्यांचा पुतण्या पुण्याला घेऊन गेला. त्याला चालवता येते, त्याने चालवत नेली. गल्लीतल्या बायका आता मोकळेपणाने बोलतात. कुणी विचारत नाही, तुम्ही तिथे होतात का. मला ते ऐकवत नाही, मी उठून आत येते.

तर तो पुरावा. झडपेची तार पत्र्यातल्या ज्या भोकातून आत जायची, त्या भोकात नाना एक दिवस दाढीचा आरसा आणि बॅटरी घेऊन बघत बसले. सकाळपासून दुपारपर्यंत. मग पंचांना बोलावलं. मला लांब उभं राहायला सांगितलं, पण आवाज एवढा मोठा ठेवला की मला ऐकू यावं.

"ह्या भोकाच्या कडेला काय दिसतं?"

"काळा रंग," टपरीवाला म्हणाला.

"नखाने खरवडा. आता?"

"हिरवा. काळ्याच्या खाली हिरवा."

"भोकाच्या आतपर्यंत?"

"आतपर्यंत."

नानांनी बॅटरी बंद केली. मग मला जवळ बोलावून समजावलं. गाडी आधी हिरवी होती, नंतर काळी केली. भोक जर माझ्या नवऱ्याने पाडलं असतं तर कडेला उघडा पत्रा, गंज, फार तर काळा रंग असता. हिरवा आतपर्यंत उतरलाय, म्हणजे भोक हिरव्याच्या आधीचं. दुसरी तार तेव्हाचीच, म्हणजे हा कार्बुरेटरही तेव्हाचाच.

"आमचे हे लागले तेव्हा गाडी काळीच होती," मी म्हटलं. "मी लग्नाच्या आधीपासून काळीच बघितलीय."

"तुमची साक्ष—"

"ठाऊक आहे. मग कोण सांगेल?"

"ज्याने काळी केली तो. असला तर."

आम्ही एसटीने धुळ्याला गेलो. आग्रा रोडला ट्रकच्या बॉडी रंगवणाऱ्यांकडे विचारत विचारत जुन्या धुळ्यातल्या एका घरी पोचलो. रंगारी चाचा अंगणात खाटेवर बसले होते. नव्वदीला आलेले, दाढी पांढरी, नजर अधू, आवाज मात्र खणखणीत. शेठच्या गाडीचं नाव काढलं आणि म्हातारा उठून बसला.

"वो गाडी? मीच काळी केली. आरशासारखी. शेठ त्यात बघून पगडी नीट करायचे."

"तुम्ही तिथे—" नाना सवयीने म्हणायला लागले आणि थांबले. मग आठवून विचारलं, "आधी कुठला रंग होता?"

"हरा. बाटलीसारखा."

"तो काढलात?"

"काढला म्हणजे? घासून घासून पत्रा चांदीसारखा केला, मग अस्तर दिलं, मग काळा. पूरी गाडी. मी जिंदगीत रंगावर रंग मारला नाही, साहेब. कुणालाही विचारा."

"बॉनेटच्या आतला पत्राही?"

"तो पण. कोना कोना."

नानांचा चेहरा उतरला. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हाच पाहिला. मला हळूच म्हणाले, "मग तो हिरवा ह्यांच्या आधीचा नाही. ह्यांच्यानंतर कुणीतरी लावलाय. भोकही नंतरचं असू शकतं. पुरावा गेला, अक्का."

मी चाचांकडे वळले. "चाचा, माझ्या नवऱ्याचं नाव—"

"साक्षीदाराला शिकवू नका," नाना एवढ्या जोरात म्हणाले की कोंबड्या पळाल्या. मी ओठ मिटले. एवढ्या लांब येऊन ओठ मिटायचे, मलाच ठाऊक कसे मिटले.

तेवढ्यात चाचांची सून चहा घेऊन आली. तिला आतून सगळं ऐकू गेलं होतं. कप ठेवता ठेवता म्हणाली, "कोना कोना म्हणे. अब्बा, आपल्या घरात कपाटामागे भिंत अजून गुलाबी आहे. निळा तुम्ही कपाटापर्यंतच लावला होता. अम्मी मरेपर्यंत बोलायची."

"तू जा आत."

"जाते. भिंत कुठे जातेय."

चाचांनी बशीत चहा ओतला. प्यायला नाही. नाना काही विचारेनात. विचारलं असतं तर म्हातारा पुन्हा तेच बोलला असता, हे त्यांना कळत होतं. कोंबड्या परत आल्या. मग चाचा माझ्या दिशेला बघून म्हणाले, "बाई, तू कोण?"

नानांनी मान हलवली, आता बोला.

"त्या गाडीच्या ड्रायव्हरची बायको," मी म्हटलं. तेवढंच.

"तो? शेठने काढला तो?"

"तोच."

चाचांनी बशी खाली ठेवली. "साहेब, पन्नास वर्षं ह्या धुळ्यात माझं नाव आहे, की हा माणूस रंगावर रंग मारत नाही. पोरं पण त्याच नावावर खातात." मग दाढीवरून हात फिरवला. "बाहेरून घासली. जिथे शेठचा हात फिरतो तिथे पत्रा काढला. आत कोण डोकं घालून बघतं? शेठच्या घरी लगीन होतं, घाई होती. आत हिरव्यावरच एक हात काळा मारला. ह्या अल्लाच्या घराकडे तोंड करून सांगतो."

"कुणी सांगायला लावलं?" नानांनी विचारलं.

"ह्या सुनेने," चाचा म्हणाले, आणि आतून हसण्याचा आवाज आला.

"गाडी काळी करून दिलीत तेव्हा ड्रायव्हर कोण होता?"

"म्हातारा होता एक, फेटेवाला. तो त्याच साली वारला. हिचा नवरा मागून लागला. लागला त्याच आठवड्यात माझ्याकडे आला, दाराला ओरखडा गेलाय, शेठला कळायच्या आत काळा लावून द्या म्हणाला. घाबरला होता बिचारा. ओरखड्याला घाबरणारा माणूस, साहेब, कार्बेटर काय विकणार?"

"ते मत झालं. मत नको," नाना म्हणाले. पण चहा पूर्ण प्यायले.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाले, "भोक हिरव्याच्या आधीचं. हिरवा काळ्याच्या आधीचा. काळा तुमच्या यजमानांच्या आधीचा. त्यांनी काही बदललेलं नाही."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणालात, भरून पावलं."

"माझ्या म्हणण्याने काय होतं? मी नाझर. निकाल द्यायचा मला अधिकार नाही. ज्यांनी काढलं त्यांनी दिला पाहिजे. त्या घरात कोण आहे?"

शेठ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मुलं परदेशात. देवपूरच्या बंगल्यात शेठाणी होत्या आणि त्यांना सांभाळणारी एक बाई. मी त्या बंगल्यात मागच्या दाराने गेलेली होते, नवऱ्याचा डबा द्यायला. नानांनी पुढचं दार वाजवलं.

शेठाणी झोपाळ्यावर होत्या. माझ्याहून थोड्या मोठ्या, पण अंगाने चिमणीएवढ्या झालेल्या. केस विंचरलेले, हातात बांगड्या. सांभाळणारी म्हणाली, "बोला, पण त्यांच्या ध्यानात काही राहत नाही." नाना बसले नाहीत. दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले, गुंडी तपासली आणि कोर्टात सांगतात तसं सांगू लागले. तुमच्या काळ्या गाडीच्या ड्रायव्हरवर कार्बुरेटर बदलल्याचा आळ होता. चौकशी केली. गाडीत पहिल्यापासून तोच होता. ड्रायव्हर येण्याच्या आधीपासून. आवाज न चढवता, एकेक करून. शेठाणींनी झोपाळा थांबवून ऐकलं. मी दाराशी उभी होते. हातांना काय करायचं सुचेना म्हणून पदर घट्ट धरून ठेवला.

"काळ्या गाडीचा?" शेठाणी म्हणाल्या. "तो उंच? पानसुद्धा खायचा नाही तो?"

"तोच," मी म्हटलं. तो पान खायचा नाही, हे मी विसरले होते.

"त्याने नाही केलं म्हणता?"

"नाही," नाना म्हणाले.

"मी ह्यांना सांगत होते, तो मुलगा तसा नाही." शेठाणींनी पायाने झोपाळ्याला झोका दिला. "मग उद्यापासून ये म्हणा त्याला कामावर. मला मंगळवारी माहेरी जायचंय."

सांभाळणारीने माझ्याकडे बघून कपाळावर बोट नेलं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"सांगते," मी शेठाणींना म्हटलं.

परतीच्या एसटीत जागा मिळाली. नाना खिडकीशी बसले. मुकटी गेलं, पारोळा गेलं. एरंडोल जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "अक्का, तो हुकूम पक्का धरता येणार नाही. देणाऱ्याचं भान ठिकाणावर नव्हतं."

"नाना," मी म्हटलं, "शेठने काढलं तेव्हा शेठचं भान ठिकाणावर होतं. तो हुकूम आम्ही जन्मभर मानला. आता हा मानते."

गाडी एरंडोलच्या स्टँडवर थांबली, माणसं उतरली, चढली, कंडक्टरने घंटी दिली.

"हरकत नाही," नाना म्हणाले.